धुऱ्यावरचा डबा दोनदा मुका झाला



मागच्या पोस्टमध्ये आंबिया बहाराच्या ताणाबद्दल लिहिलं होतं. त्याखाली तिघा-चौघांनी एकच विचारलं, "भाऊ, तुमच्या धुऱ्यावर तो सोलर पाटीचा डबा दिसते, तो चालू आहे का? कितीले पडला? आमीही घ्याव का?" एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहितो. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आज डबा चालू आहे. पण मधल्या काळात तो दोनदा मुका झाला. पहिल्यांदा कंपनी गेली म्हणून, दुसऱ्यांदा भाचा गेला म्हणून. या दोन वेळांत जो फरक आहे, तोच आज सांगायचा आहे.

तीन वर्षांपूर्वी एका कंपनीची माणसं आली. संत्र्याच्या बगीच्यात एक खांब गाडला, वर सोलर पाटी, खाली जमिनीत दोन सेन्सर, एक फुटावर आणि एक दोन फुटांवर. हवेचं तापमान, दमटपणा, पान किती वेळ ओलं राहिलं, हे सगळं मोबाईलवर दिसायचं. पहिलं वर्ष फुकट, पुढे वर्षाची वर्गणी. खोटं कशाला बोलू, कामाची वस्तू होती. आपल्या भारी जमिनीत वरची माती कोरडीठाक दिसते आणि दोन फुटांवर गोळा बनते. ताण बसला की नाही, हे डोळ्यानं पाहून सांगणारे जुने लोक होते, मी नाही. त्या आकड्यांनी मला दोन बहार शिकवले.

मग एक दिवस ॲप उघडेना. फोन लागेना. डब्यावरचा हिरवा लाइट मात्र लुकलुकतच होता. बिचारा दर पंधरा मिनिटांनी माप घेत होता आणि असा पत्ता हाका मारत होता जिथे आता कोणी राहत नव्हतं. दोन बहारांची माझीच आकडेवारी त्यांच्या सर्व्हरवर होती, तीही गेली.

माझा भाचा पॉलिटेक्निकला होता. दिवाळीत आला आणि पेचकस घेऊन डबा उघडून बसला. आत ईएसपी-३२ नावाचा बोर्ड, जो बाजारात पाचशेच्या आसपास कोणालाही मिळतो. एक सिमचं मॉड्यूल, तेही फक्त टू-जी वर चालणारं, म्हणजे जिओचं सिम टाकलं तर गप्प. सेन्सरच्या तारा साध्या, ओल बदलली की व्होल्टेज बदलते, एवढंच. त्या बोर्डासाठी लागणारं मूळ सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीनं स्वतःच जगाला उघडं दिलेलं आहे. भाचा म्हणाला, "मामा, यायनं फुकटच्या विटा घेतल्या, घर बांधलं, अन् कुलूप आपलं लावलं."

यात बेकायदा काही नाही बरं का. त्या उघड्या सॉफ्टवेअरचा परवानाच तसा आहे, कोणीही घ्या, विका, बंद डब्यात घाला. पण बोर्डाला असं कुलूप होतं की दुसरा प्रोग्राम चढेना. शेवटी बोर्डच बदलला. सेन्सर, खांब, पाटी तेच ठेवलं.

सिमचं लफडं काढून टाकलं आणि लोरा लावलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही कमी ताकदीवर लांब जाणारी रेडिओची पद्धत आहे. आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात त्यासाठी वेगळं लायसन घ्यावं लागत नाही. वावरातला डबा घरच्या छपरावरच्या डब्याशी बोलतो, तो घरच्या इंटरनेटवरून पुढे. मधात आंब्याची झाडं दाट असली की अंतर कमी होते, हेही लक्षात ठेवा. आणि हो, लोराची मूळ तंत्राची मालकी एका अमेरिकन कंपनीची आहे. सगळंच उघडं असते असं नाही.

आकडे साठवायला थिंग्सबोर्ड नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. त्याची साधी आवृत्ती फुकट आणि उघडी आहे, आपल्या सर्व्हरवर टाका. आम्ही पाच जणांनी मिळून एक लहानसा सर्व्हर भाड्यानं घेतला. महिन्याला पाचशेच्या आत, पाच जणांत वाटून. डबा बोलायला लागला. मी या पेजवर फोटो टाकला, तुम्ही लोकांनी भरपूर लाइक दिले, आणि मी छाती फुगवून लिहिलं की आता कंपनीची गरज नाही.

तिथे मी चुकलो.

भाच्याला पुण्यात नोकरी लागली. जूनमध्ये विजा कडकडल्या त्या रात्री घरच्या छपरावरचा डबा गेला. दीड महिना काहीच नाही. भाचा फोनवर म्हणे, "मामा, सुट्टी भेटली की येतो." त्याची काय चूक? त्यानं आजवर एक रुपया घेतला नव्हता, उलट गाडीचं पेट्रोल त्याचंच. आमच्या पाच जणांचं ते सगळं 'ओपन सोर्स' एका पोट्ट्याच्या सुट्टीवर उभं होतं.

मग पारशिवनीतलाच एक मुलगा सापडला. मोटर वाइंडिंगच्या दुकानात बसतो, मोबाईल स्टार्टर बसवतो, झटका मशीन दुरुस्त करतो. भाच्यानं सगळी जोडणी कागदावर लिहून ठेवली होती, प्रोग्राम उघडा होता. दोघं फोनवर बोलले आणि दोन संध्याकाळीत काम झालं. मुलानं पाचशे रुपये मागितले. तर आमच्यातलाच एक जण म्हणते, "अरे पण हे तर ओपन सोर्स आहे न? मंग पैसे कायचे?"

हेच वाक्य मला त्या दिवसापासून डोक्यात टोचून राहिलं आहे.

ओपन सोर्स हार्डवेअर म्हणजे वस्तूचा नकाशा उघडा. कोणते भाग, कुठे जोडले, आत कोणता प्रोग्राम, हे कोणीही पाहू शकते, बदलू शकते, पुन्हा बनवू शकते. फुकट मिळेल असं त्यात कुठेही लिहिलेलं नसते. आपली झटका मशीन पाहा. पेंचच्या जंगलाला लागून ज्यांची वावरं आहेत त्यांना रानडुकरांपायी ती लागतेच. ती बिघडली तर आपण कंपनीला फोन करत नाही, गावातला माणूस उघडतो, भाग बदलतो, दोनशे रुपये घेतो. मोटर जळली तर वाइंडिंगवाला. त्यांच्याकडे कोणाचं पेटंट नाही, तरी त्यांची दुकानं चालतात, कारण वस्तू उघडता येते आणि उघडण्याचे पैसे आपण देतो. त्यात आपल्याला कधी अन्याय वाटला नाही. सेन्सरच्या बाबतीतच का वाटते? डबा नवा आहे म्हणून?

आणि फुकट घेण्याची सवय किती वाईट, हे आपल्या धानवाल्या पट्ट्याला मी सांगायला नको. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. दीड एकराचा शेतकरी. १९८३ च्या सुमारास बांधीत वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या निवडत निवडत वाण तयार केला, घड्याळावरून त्याला एचएमटी नाव पडलं. बियाणं त्यांनी हातोहात दिलं. पेंचच्या कालव्याखाली आपल्याकडेही किती वर्षं लागलं ते. वाण अमर झाला, बाजारात नाव झालं, कित्येकांनी त्यावर कमावलं. दादाजी २०१८ साली गेले, शेवटच्या आजारपणात पैशाची अडचण होती, पेपरात आपण सगळ्यांनी वाचलं. उघडं देणारा माणूस उपाशी राहिला तर पुढचा माणूस उघडं देणार नाही, तो कुलूप लावेल. डब्याच्या कंपनीनं कुलूप का लावलं असेल, याचा मला राग आहे पण आश्चर्य नाही.

आता खर्च कुठे आहे ते पाहू, कारण वर्गणी कशाची घेतात हेच पुष्कळांना कळत नाही. दर पंधरा मिनिटांनी एक नोंद, दिवसाला ९६, वर्षाला ३५,०४० नोंदी. एक नोंद शंभर अक्षरांची धरा. वर्षभराचा सगळा डेटा झाला साधारण साडेतीन एमबी. मोबाईलवर काढलेल्या एका फोटोएवढा. तुमच्या गुड मॉर्निंगच्या फोटोंनी याच्यापेक्षा जास्त जागा खाल्ली आहे! तेव्हा कोणी 'क्लाउडचा खर्च फार आहे' म्हणून वर्षाचे हजारो मागत असेल, तर जागेचा खर्च तेवढा नसतो. खर्च माणसाचा असतो. सर्व्हर रात्री बंद पडला तर उठवणारा, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणारा, सिमचं रिचार्ज करणारा, तुमचा फोन उचलणारा, आणि माकडानं वायर तोडली की मोटरसायकल काढून येणारा. त्या माणसाचा पगार कुठून निघतो, हा खरा धंद्याचा प्रश्न आहे.

जगात त्याची उत्तरं वेगवेगळी काढली आहेत. इटलीत २००५ साली सुरू झालेल्या अर्डुइनोनं बोर्डाचा नकाशा उघडा ठेवला. नक्कल करणं चालते, पण त्यावर अर्डुइनो हे नाव लिहिता येत नाही. नाव आपलं, नकाशा सगळ्यांचा. नक्कल स्वस्त निघाली, तरी त्यांचं नाव चाललं, आणि पुढे त्यांनी क्लाउडचे पैसे घेणंही सुरू केलं. ईएसपी-३२ वाले चिनी लोक चिप विकतात, सॉफ्टवेअर उघडं देतात, कारण सॉफ्टवेअर जितकं पसरेल तितकी चिप खपेल. थिंग्सबोर्डचं मी वर सांगितलं, साधी आवृत्ती उघडी, जास्त सोयींची विकत, आणि ज्याला सर्व्हरची कटकट नको त्याच्यासाठी त्यांचा स्वतःचा क्लाउड भाड्यानं. ॲमस्टरडॅमच्या द थिंग्स नेटवर्कनं लोराचं जाळं लोकांना सामायिक वापराला दिलं आणि मोठ्या कंपन्यांना तीच सेवा हमीसकट विकली. शेतीच्या नोंदींसाठी फार्मओएस आहे. सॉफ्टवेअर उघडं, आणि ज्याला स्वतः सांभाळणं जमत नाही त्यानं पैसे देऊन दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवावं. उद्या पटलं नाही तर आपला डेटा उचलावा आणि दुसरीकडे न्यावा. मला विचाराल तर शेतकऱ्याला सगळ्यात परवडणारा सौदा हाच.

उलटी बाजूही आहे. मोठी कंपनी आहे म्हणून निर्धास्त, असं समजू नका. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा घरातली यंत्रं चालवणारा डबा होता, तीनशे डॉलरचा. नेस्ट कंपनीनं ती कंपनी २०१४ साली घेतली आणि २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला, लोकांच्या घरचे डबे एका दिवसात वीट झाले. खुद्द गुगलनं आपली आयओटी कोअर नावाची सेवा, म्हणजे असे डबे जोडायची क्लाउड सेवा, १६ ऑगस्ट २०२३ ला बंद केली. वर्षभर आधी सांगितलं होतं, एवढं खरं. ज्यांचा डबा दुसऱ्या पत्त्यावर वळवता येत होता त्यांनी वळवला. बाकीच्यांचं माझ्यासारखं झालं असेल.

आणखी एक धंदा आहे, तो आपल्याला दिसत नाही. डबा स्वस्त किंवा फुकट, आणि कमाई डेटावर. हवामानाची आकडेवारी विमा कंपनीला, बँकेला, औषध-खतवाल्यालाही लागते. आपल्या राज्यात महावेधमधून महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, दोन हजारांवर, सरकार आणि खाजगी कंपनीच्या भागीदारीत. ते सगळं वाईट आहे असं मी म्हणत नाही, आपल्याला पावसाचा आकडा मिळू लागला. पण मंडळाच्या केंद्रावर पडलेला पाऊस आणि माझ्या वावरात पडलेला पाऊस यात किती फरक असतो ते तुम्हीही जाणता. धुऱ्याच्या अलीकडे पडते आणि पलीकडे धूळ उडते. डबा फुकट देतो म्हणून कोणी आला तर त्याला सरळ विचारा, आकडे कोणाला विकणार?

आता आपल्या भागाचं. नाशिकच्या निर्यातीच्या द्राक्षाला वर्षाची वर्गणी परवडते, एक फवारा वाचला तरी पैसे निघतात. आपल्या पऱ्हाटीला, धानाला ते गणित बसत नाही. कोरडवाहू कापसात ओल मोजून करणार काय, पाणी आपल्या हातात आहे का? म्हणून सगळ्यांनी डबे लावा असं मी म्हणणार नाही. संत्रा, मिरची, भाजीपाला, ठिबकवालं वावर, एवढ्यापुरतं ठीक. बाकीच्यांनी चार-पाच शेजाऱ्यांत एक हवामानाचा डबा ठेवला तरी पुरे.

आणि जमिनीचं तर कोणतीही दूरची कंपनी करू शकत नाही. आपली काळी माती सुकली की भेगा पडतात, सेन्सर आणि मातीत हवा शिरते, आणि आकडा एकदम खाली येतो. ॲप म्हणते पाणी द्या, आणि दोन बोटं बाजूला ओल असते. कारखान्यातली सेटिंग दुसऱ्याच मातीची. आमच्याकडे त्या वाइंडिंगवाल्या मुलानं आणि कृषीच्या एका मित्रानं मिळून हे केलं: सेन्सरजवळची माती वेगवेगळ्या ओलीला काढली, वजन केलं, १०५ अंशावर २४ तास भट्टीत वाळवली, पुन्हा वजन केलं, आणि त्यावरून आकडा जुळवला. भेगांसाठी सेन्सर उभा न ठोकता खड्ड्याच्या भिंतीत आडवा घातला, चिखल भरून. पहिल्यापेक्षा बराच खरा बोलतो. कृषी सहायक आणि केव्हीकेवाले हे पेज वाचतात म्हणून मुद्दाम लिहिलं, तुमचा अनुभव काय? हे काम गावातच होऊ शकते, आणि याचेच पैसे घेतले पाहिजेत.

हे स्वप्न नवं नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, शाळेत न टिकलेल्या पोरांना हातानं वस्तू बनवायला शिकवली आणि गावाला सेवा विकायला लावली. २००२ साली तिथे फॅब लॅब आली, अमेरिकेच्या एमआयटीच्या मदतीनं, त्यांच्याकडच्या सोडून जगातल्या अगदी पहिल्यांपैकी. पाबळ काही बंगलोर नव्हे, आपल्यासारखंच दुष्काळी गाव.

माझा हिशेब सांगतो, चुकत असेल तर खाली लिहा. एका डब्याची वर्षाची देखभाल १,२०० रुपये, सुटे भाग वेगळे. तालुक्यात ४० डबे झाले तर ४८,००० रुपये, म्हणजे महिन्याला ४,०००. एवढ्यावर पोट्टा गावात राहत नाही, हे मलाही कळते. पण वाइंडिंग, मोबाईल स्टार्टर, झटका मशीन यांच्या जोडीला धरलं तर राहू शकते. शेतकरी उत्पादक कंपनीनं सर्व्हर आपल्या नावावर घेतला आणि या मुलाला वर्षाचा करार दिला, तर आकडे आपल्याच कंपनीजवळ राहतात. नुसत्या सेन्सरवर गावात धंदा उभा राहील असं कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

माझा कृषीवाला मित्र एक आडवा प्रश्न विचारतो. "कंपनीच्या डब्यानं चुकीचं सांगितलं तर भांडायला कंपनी तरी आहे. तुमच्या उघड्या डब्याचं कोणाला धरणार?" बरोबर आहे त्याचं. माझ्याकडे याला पक्कं उत्तर नाही. एवढंच की माझ्या वेळी भांडायला कंपनीही उरली नव्हती. म्हणून करार कागदावर पाहिजे, बिघाड झाला तर किती दिवसांत येणार ते लिहिलेलं पाहिजे, मग तो मुलगा असो की मोठी कंपनी.

कंपनीचा डबा घेणाऱ्यांना मी नको म्हणत नाही. फक्त पैसे देण्याआधी विचारा: माझे आकडे एक्सेलमध्ये मला काढून मिळतील का? तुमचा सर्व्हर बंद झाला तर हा डबा दुसऱ्या पत्त्यावर वळवता येईल का, आणि ते बिलावर लिहून द्याल का? विकणारा पोरगा गडबडला तर त्याच्या साहेबाला फोन लावायला सांगा.

पाचशे रुपयांवर कुरकुरणाऱ्या आमच्या त्या गड्यानं शेवटी पैसे दिले. आता तोच मुलाला विचारत होता, मिरचीच्या वावरात एक बसवायचा किती घेशील.

आज सकाळचा आकडा: एक फुटावर ओल चांगली उतरली, दोन फुटांवर अजून बाकी आहे. पानं दुपारी किंचित मलूल दिसतात, संध्याकाळी सावरतात. पाणी आठवडाभर तरी सोडणार नाही. ज्यांच्याकडे असे मुके पडलेले डबे असतील त्यांनी फेकू नका, उघडण्याआधी आतल्या तारांचा फोटो काढा आणि खाली टाका. रविवारी बाजाराच्या दिवशी तो मुलगा दुकानात आहे, पाहून सांगतो म्हणाला.